मराठी ऐतिहासिक नाटकांतील आनंदीबाई पेशवे

आनंदीबाई पेशवे या रघुनाथराव (राघोबादादा) पेशवे यांच्या पत्नी होत. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेल्या 'ध चा मा' या आख्यायिकेमुळे त्या मराठी ऐतिहासिक नाटकांतील एक वादग्रस्त स्त्री-व्यक्तिरेखा ठरल्या.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवराव पेशव्यांनी आपले काका रघुनाथराव यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. माधवरावांच्या मृत्यूनंतर त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांचा खून केला. रघुनाथरावांच्या आज्ञापत्रातील 'धरावे' हा शब्द आनंदीबाईंनी बदलून 'मारावे' असा केला, अशी आख्यायिका आहे. जेम्स ग्रँट डफ यांच्या १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासातही ती आढळते. मात्र हा फेरफार आनंदीबाईंनीच केला, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना.

रंगभूमीवरील चित्रण

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी' (१९०९) हे या विषयावरील प्रसिद्ध नाटक होय. त्यातील आनंदीबाई महत्त्वाकांक्षी व पतीपेक्षा कणखर असून त्यांची तुलना शेक्सपिअरच्या लेडी मॅकबेथशी केली जाते. रघुनाथराव द्विधा मनःस्थितीत दिसतात, तर रामशास्त्री न्यायाचे प्रतीक ठरतात. अशा मांडणीमुळे नाट्य गडद होते. परंतु इतिहासात संशयापुरता राहिलेला आरोप प्रेक्षकांच्या मनात निर्णयासारखा ठसतो आणि रघुनाथरावांची जबाबदारी झाकोळते.

मलकापूरचा संदर्भ

नाटकातील दुबळे रघुनाथराव आणि नोंदींतील रघुनाथराव यांत अंतर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर शहराने १७६१ मध्ये लूट टाळण्यासाठी त्यांच्या सैन्याला ६०,००० रुपये दिल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजेच खुनापूर्वी बारा वर्षे ते एका समृद्ध पेठेकडून खंडणी घेण्याइतक्या बळाचे सेनानी होते. खुनानंतर कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाने विरोध केल्यावर त्यांनी इंग्रजांशी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५–१७८२) उद्भवले.

भाषेतील ठसा

मजकुरात फेरफार करून अर्थ पालटणे या अर्थाने 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे.