नाशिक ते गणपतीपुळे : सायकल निघण्यापूर्वी

दिशा : उत्तरेकडून दक्षिणेकडे. उन्हाळ्यात दुपारनंतरचा वायव्येचा वारा पाठीशी राहतो.

मुक्काम : मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात; घरगुती खोल्या आधीच सांगून ठेवा. सायकल आत ठेवता येईल का, तेही विचारा.

खाड्या : दर दोन मुक्कामांमध्ये एक जंगलजेटी, म्हणजे वाहनं नेणारी फेरीबोट. आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्री विचारा. चुकली तर खाडीला वळसा.

ऊन : नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय किनाऱ्यावर कामाची नाही, दमट हवेत घाम वाळत नाही. पहाटे पाचला निघा, अकराला थांबा, ऊन उतरल्यावर पुढे निघा. बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत.

चढ : किनारा सपाट नाही. प्रत्येक खाडीनंतर सडा (खडकाळ पठार) चढावा लागतो.