कलावंतांचा अर्ज : केलेले काम आणि करावयाचे काम

कलावंताला मिळणारे आर्थिक साहाय्य स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. एक, त्याने आयुष्यभर केलेल्या कलासेवेची दखल म्हणून दिले जाणारे. दुसरे, त्याच्या हातून अद्याप व्हावयाच्या कामासाठी दिले जाणारे. राज्य शासनातर्फे ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना देण्यात येणारे मासिक मानधन पहिल्या प्रकारात मोडते. अधिछात्रवृत्ती, म्हणजेच फेलोशिप, ही दुसऱ्या प्रकारची होय. ठरावीक मुदतीपुरती राहण्याची व काम करण्याची जागा देणारी रेसिडेन्सी हीदेखील याच वर्गातील. हा भेद वरवर साधा वाटतो. परंतु मानधनाच्या अर्जात जो मजकूर शोभतो, तोच अधिछात्रवृत्तीच्या अर्जात भरला जातो आणि चांगल्या कलावंताचा अर्ज तेथेच मागे पडतो. वंशपरंपरा, वय, हलाखीची परिस्थिती, मिळालेले सत्कार, प्रमाणपत्रांच्या प्रती हे सर्व त्यात असते. दोन वर्षे तो कलावंत नेमके काय करणार, एवढेच नसते.

लोककलावंत अर्ज लिहावयास बसतो तेव्हा त्याच्या शेजारी बहुधा गावच्या शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी किंवा पंचायतीचा एखादा सदस्य असतो. त्यामुळे अर्जाचे तंत्र कलावंताइतकेच या मंडळींनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

केंद्रीय योजनेचे स्वरूप

केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती योजना या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. नवी दिल्लीतील सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, हिचे काम पाहते. या योजनेत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० वर्षे वयाच्या अर्जदारांसाठी, तर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४० वर्षांवरील अर्जदारांसाठी ठेवलेली आहे. कनिष्ठास दरमहा १०,००० रुपये आणि वरिष्ठास दरमहा २०,००० रुपये याप्रमाणे दोन वर्षे रक्कम देण्याची तरतूद आहे. १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी वेगळी शिष्यवृत्ती असून ती प्रगत प्रशिक्षणासाठी आहे. वयाची गणना कोणत्या तारखेस होते व शैक्षणिक पात्रता काय, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहूनच अर्ज करावा.

अधिछात्रवृत्तीची रक्कम दर महिन्याला हाती पडत नाही. ती सहामाही हप्त्यांनी मिळते, आणि पुढील हप्ता कामाच्या अहवालावर अवलंबून असतो. प्रवास, साहित्य, ध्वनिमुद्रण हा खर्च आधी स्वतःच्या पदरचा करावा लागण्याचा संभव असल्याने कामाची आखणी त्या बेताने करणे इष्ट. पहिल्या सहामाहीतच चार जिल्ह्यांचा दौरा मांडणारा अर्जदार कर्ज काढून तो पुरा करतो, किंवा तो अर्धवट राहतो.

विषय एका वाक्यात मावला पाहिजे

विजय तेंडुलकर यांना सत्तरच्या दशकात नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली तेव्हा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ ही नाटके रंगभूमीवर येऊन गेली होती. नावासाठी त्यांना कशाचीही आवश्यकता नव्हती. तरीही त्यांनी हाती घेतलेला विषय नेमका होता: समाजात वाढीस लागलेल्या हिंसेचा अभ्यास. कोणालाही एका दमात सांगता येईल असा हा विषय आहे. अर्ज वाचणाऱ्या समितीपुढे गठ्ठा मोठा असतो आणि एकेका अर्जासाठी मिळणारा वेळ थोडा. पहिल्या परिच्छेदात विषय सापडला नाही, तर तो दुसऱ्या पानावर शोधण्याइतकी सवड परीक्षकास क्वचितच असते.

लोककलेतील एक उदाहरण घेऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कला जतन केल्या आहेत. या कार्याबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातील आख्यानाची चित्रे एकापाठोपाठ एक श्रोत्यांपुढे धरून कथा गाऊन सांगितली जाते. एका आख्यानाच्या अशा चित्रसंचास पोथी म्हणतात. आता समजा, ही कला जाणणारा एखादा कलावंत अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करू इच्छितो. शिक्षक त्याच्यासाठी पुढीलप्रमाणे लिहितात: “चित्रकथी ही आपल्या थोर संस्कृतीचा अमूल्य ठेवा असून तिचे जतन व संवर्धन करणे काळाची गरज आहे. अर्जदार हे बालपणापासून या कलेची निःस्वार्थ सेवा करीत आहेत.” यात एकही विधान खोटे नाही. मात्र हाच मजकूर गोंधळी, शाहीर किंवा दशावतारी कलावंताच्या अर्जात जसाच्या तसा बसेल, आणि परीक्षकांनी तो त्याच दिवशी अनेकदा वाचलेला असेल.

आता त्याच कलावंताला शिक्षकांनी लिहिण्याऐवजी प्रश्न विचारले असे धरू. पोथी किती पानांची आहे? कथा कोण गाते? ती कुठे लिहून ठेवली आहे का? मग उत्तर येते की चित्रे कागदावर आहेत, परंतु कथा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. काही पानांची कथा आता एक-दोघांनाच येते. येथे अर्जाचा विषय सापडतो. “या पोथीतील चित्रांबरोबर गायली जाणारी कथा जाणत्या गायकांकडून ध्वनिमुद्रित करून घेणे, ती पानागणिक लिहून काढणे, आणि ज्या पानांची कथा विसरली गेली आहे ती पाने नव्याने गाऊन सादर करणे.” काम कोणाकडून होणार, कशावर होणार आणि शेवटी हाती काय येणार, हे तीन ओळींत आले. ‘संस्कृतीचा ठेवा’ हे शब्द न लिहिताही तो ठेवा परीक्षकांना दिसतो.

अशी गोष्ट कलावंताला ठाऊक असतेच. ती त्याला इतकी रोजची वाटते की अर्जात लिहिण्याजोगी वाटत नाही. लिहिणाऱ्याला भाषा येते, परंतु ही गोष्ट ठाऊक नसते. सबब, लेखणी हाती घेण्यापूर्वी तासभर केवळ ऐकण्यात घालवावा. कलावंत बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे आणि नंतर केवळ क्रम लावावा. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावयाचा असेल तरी ‘पोथी’, ‘आख्यान’, ‘फड’, ‘गण’ हे शब्द तसेच ठेवून पुढे एका वाक्यात अर्थ द्यावा. भाषांतराच्या हौसेने चित्रकथीचा नुसता चित्रकार केला, की गाणे अर्जातून जाते.

नमुने, शिफारस आणि कागद

कामाच्या नमुन्यांकडे अर्जदारांचे सर्वांत कमी लक्ष असते. वस्तुतः निवड पुष्कळ अंशी त्यांवरच ठरते. कार्यक्रमाची चित्रफीत पाठविली जाते, आणि तिच्या पहिल्या सात मिनिटांत दीपप्रज्वलन, स्वागतगीत व शाल-श्रीफळ असते. कलावंत पडद्यावर येईपर्यंत पाहणाऱ्याने ती बंद केलेली असते. मोबाईलवर घरच्या ओटीवर घेतलेली, आवाज स्वच्छ असलेली चार मिनिटांची चित्रफीत याहून कितीतरी उपयोगी. मान्यवरांसोबतच्या छायाचित्रांऐवजी हातांची, वाद्यांची, चित्रांची छायाचित्रे द्यावीत.

शिफारसपत्राबाबत गैरसमज मोठा आहे. पद जितके उंच तितके पत्र वजनदार, असे मानले जाते. पंचायतीचे पत्रही “सदर इसम चांगल्या वर्तणुकीचे आहेत” एवढ्यावर थांबते. त्याऐवजी हा कलावंत गावच्या जत्रेत किती वर्षे खेळ करीत आहे, त्याच्याकडे शिकलेली मुले कोण, पंचायत तालमीसाठी कोणती जागा देईल, असे लिहिले तर त्या साध्या पत्राला पुराव्याचे मोल येते.

टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या शाहिराचे आधार कार्ड, बँक खाते आणि कार्यक्रमपत्रिका यांवर तीन निरनिराळी नावे आढळतात. हे वेळीच जुळवून घेतले नाही, तर निवड होऊनही रक्कम अडकून पडू शकते.

रेसिडेन्सीचा अर्ज

येथे प्रश्न थोडा निराळा असतो. पन्नाशीच्या दशकात मुंबईत भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या इमारतीत गायतोंडे, हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांना काम करण्यास जागा मिळाली आणि तेथेच अल्काझींचे नाटक व रविशंकरांचे संगीतही नांदले. जपानमधील निगाता प्रांतातील मिथिला संग्रहालयाने १९८० च्या दशकापासून भारतीय लोकचित्रकारांना बोलावून घेतले. त्यांत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे हेही होते. जागा देणाऱ्या संस्थेस एवढेच जाणून घ्यावयाचे असते की अर्जदारास हीच जागा का हवी. मोठी भिंत, एकांत, भट्टी, छापयंत्र की अन्य कलावंतांचा सहवास? घरी जे होऊ शकत नाही आणि तेथे होऊ शकते, ते लिहावे. पेरणीच्या वा हंगामाच्या दिवसांत घर सोडता येणार नसेल तर तेही स्पष्ट कळवावे. तारखा ठरविताना संस्थेला त्याचा विचार करता येतो.

अर्ज नामंजूर झाल्यास त्याची प्रत जपून ठेवावी. पुढील वर्षी तीच प्रत तशीच पाठवू नये. दरम्यान झालेले काम त्यात भरावे. वरील उदाहरणातील कलावंताने वर्षभरात पाच पानांची कथा जरी लिहून काढली, तरी त्याच्या अर्जाला आता नमुना जोडता येतो. अर्ज मंजूर झाल्यास मात्र पहिल्या दिवसापासून रोजनिशी ठेवावी. कोणाकडे गेलो, काय मुद्रित केले, भाडे किती लागले, एवढ्या नोंदी पुरेत. सहा महिन्यांनी अहवाल लिहिताना त्याच कामी येतात. लिहिता न येणाऱ्या कलावंताची रोजनिशी शाळेतील वरच्या वर्गाचा एखादा विद्यार्थीही लिहू शकेल.