फीड पंपाच्या अलीकडे

इथेनॉल डिझेलमध्ये मिसळण्याचे प्रयत्न जमले नाहीत म्हणून आता आयसोब्युटेनॉलची चाचपणी होत असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले, तेव्हापासून या विषयावर साखर कारखानदारांचे म्हणणे भरपूर ऐकू आले. ज्यांच्या टाकीत हे मिश्रण पडायचे आहे त्या जुन्या ट्रकच्या मालकांचे मात्र फारसे ऐकू आलेले नाही. आयसोब्युटेनॉल हे चार कार्बन अणूंचे अल्कोहोल असून ते इथेनॉलपेक्षा डिझेलशी सहज एकजीव होते आणि पाण्याची ओढही त्याला कमी असते, त्यामुळे या प्रयोगामागे रसायनशास्त्राचा आधार नाही असे म्हणता येत नाही. तथापि ते सुमारे १०८ अंश सेल्सिअसला उकळते, तर डिझेलचे बहुतेक घटक त्याच्या बरेच वर उकळतात. आणि हा फरक ज्या ठिकाणी प्रथम जाणवण्याचा संभव आहे ते ठिकाण म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी होय. जुन्या ट्रकसाठी कोणता पंप घ्यावा आणि त्याच्याआधी कोणता फिल्टर बसवावा, या वरवर गॅरेजमधल्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर याच चार-सहा हात लांबीच्या नळीत दडलेले आहे, आणि दुरुस्तीचा खर्च करताना नेमके तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

जुन्या ट्रकचा डिझेल पंप म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक स्वतंत्र एलिमेंट एका रांगेत बसवलेला पंप. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली अशा पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले. टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले आणि १९५१ साली बंगळुरात स्थापन झालेल्या मायको कंपनीने हे पंप देशातच उपलब्ध करून दिले, तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले असले तरी गॅरेजमध्ये आजही पंप मायकोचाच असतो. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी; या दोहोंमधील फट दोन ते चार मायक्रॉन एवढीच असते आणि तेथे रबराचे सील नसून केवळ घासून बसवलेल्या धातूच्या जोरावर शेकडो बार दाब निर्माण होतो. या फटीत शिरू शकेल एवढा कण हा तिचा खरा शत्रू होय, कारण मोठा कण वाटेत कुठेतरी अडकतो आणि अतिसूक्ष्म कण निघून जातो, परंतु फटीच्या मापाचा कण प्लंजरसोबत वरखाली होत धातू खरवडत राहतो. एलिमेंट झिजले की गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, चढावर दम सोडते आणि मालक पंप उतरवून टेस्ट बेंचवर पाठवतो.

पंप बांधून येतो, गाडी महिना-दोन महिने बरी चालते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते, ही तक्रार पंप मिस्त्रीच्या कौशल्यावर ढकलण्याची पद्धत आहे. ती अनेकदा अन्यायाची असते. इनलाइन पंपाच्या अंगाला चिकटलेला छोटा फीड पंप कसा चालतो हे पाहिल्यास त्यामागचे कारण कळते. पंपाच्या कॅमशाफ्टवरील एक्सेंट्रिक फीड पंपाचा पिस्टन आत ढकलतो तेव्हा डिझेल केवळ एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते. ते फिल्टरकडे रेटण्याचे काम पिस्टन परत येताना त्यामागची स्प्रिंग करते, आणि त्याच परतीच्या धावेत टाकीतून नवे डिझेल ओढलेही जाते. म्हणजे पुढे ढकलणे आणि मागून ओढणे ही दोन्ही कामे इंजिनच्या ताकदीने होत नसून एका स्प्रिंगच्या ताकदीने होतात. पुढचा फिल्टर चोंदला तर दाब वाढतो, स्प्रिंग पूर्ण उघडत नाही आणि पिस्टनची धाव आपोआप आखूड होते, त्यामुळे नळी फुटत नाही. ही रचना फार सुबक आहे. परंतु मागची बाजू चोंदली तर हीच स्प्रिंग निर्वाताविरुद्ध झगडते, डिझेल कमी येते, आणि येते त्यात हवा असते.

ही हवा कोठून येते याचे गॅरेजमधील ठरलेले उत्तर ‘कुठेतरी लीक आहे’ असे असते आणि बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर बदलले जातात, जे करणे योग्यच आहे. मात्र वॉशर नवे असूनही गाडी एअर धरते, तेव्हा लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की डिझेलमध्ये मुळातच सुमारे दहा टक्के आकारमानाची हवा विरघळलेली असते आणि दाब जितका उतरतो तितक्या प्रमाणात ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. ओढणाऱ्या पंपाला वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक साहाय्य कोणाकडूनही मिळत नाही: शहाळ्यात नळी घालून पाणी ओढताना नळीत मलई अडकली तर गाल कितीही आत गेले तरी पाणी येत नाही, तसेच येथे घडते. ढकलणाऱ्या बाजूस दाब वाढवून अडथळ्यावर मात करता येते, ओढणाऱ्या बाजूस ती सोय नाही. समुद्रसपाटीला हाताशी असलेला ७६० मिलिमीटर पाऱ्याचा दाब खारदुंग ला येथे, ५,३५९ मीटर उंचीवर, जवळपास निम्म्यावर येतो आणि लडाखच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रकचा फीड पंप तेवढ्यावरच भागवतो. यात लवकर वाफाळणारा एखादा घटक इंधनात आला तर बुडबुड्यांचा प्रश्न कितपत वाढेल, हे मिश्रणाचे प्रमाण, नळीचे तापमान आणि तिच्यातील अडथळा या तिन्हींवर ठरेल. चाचण्या करणाऱ्यांनी टेस्ट बेंचवरच्या स्वच्छ नळीबरोबर पंधरा वर्षे वापरलेल्या, आतून सुजलेल्या रबरी नळीवरही त्या कराव्यात, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

आता फिल्टरकडे वळता येईल. जुन्या टाटा आणि लेलँड गाड्यांवर शेजारी शेजारी बसवलेले दोन फिल्टर असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. हे दोन्ही फीड पंपाच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूस असतात. फीड पंपाच्या आधी मूळ रचनेत असते ती फक्त एक बारीक जाळी आणि तिच्याखाली काचेची किंवा धातूची वाटी. ही जाळी फारच ढोबळ आहे असे पाहून तेथे कागदी फिल्टर बसवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बाजारात तसे फिल्टर कोणत्याही मापात मिळतात. येथेच पंपाची हानी होते. मूळ रचनाकारांना बारीक फिल्टर ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी जाळी ठेवली असे नसून ओढणाऱ्या बाजूस अडथळा परवडत नाही म्हणून ठेवली. गाळण्याचे खरे काम त्यांनी विचारपूर्वक पुढे ढकलले. पंपाआधी बसवायचाच तर शंभर मायक्रॉनच्या आसपासची धुता येणारी जाळी, किंवा पाणी वेगळे करणारा, तीसेक मायक्रॉनचा आणि मोठ्या क्षेत्रफळाचा सेपरेटर बसवावा. दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक फिल्टरची जागा फीड पंपाच्या पुढेच होय.

मायक्रॉनच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. डब्यावर ‘१० मायक्रॉन’ असे छापलेले असले तरी त्या मापाचे किती कण अडतात हे त्यावरून कळत नाही; त्यासाठी बीटा गुणोत्तर पाहावे लागते, म्हणजे फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजलेल्या त्या मापाच्या कणांचे प्रमाण. बीटा २ असेल तर निम्मे कण पार होतात, बीटा ७५ असेल तर शंभरातील जेमतेम एखादा. दोन्ही डब्यांवर तोच आकडा छापता येतो, आणि ज्यांच्या डब्यावर बीटाचा उल्लेखच नसतो त्यांचा भाव साहजिकच कमी असतो.

ओढणाऱ्या बाजूची हेळसांड किती महागात पडते याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेत सापडतो, आणि त्याचे इंजिन भारतीय वाचकांना परके नाही. कमिन्सचे ५.९ लिटरचे बी मालिकेतील इंजिन डॉज पिकअपमध्ये १९८९ पासून बसू लागले आणि त्याच मालिकेच्या इंजिनांसाठी १९९३ साली भारतात टाटा-कमिन्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. अमेरिकी गाड्यांत १९९४ ते १९९८ या काळात बॉशचा पी-७१०० हा इनलाइन पंप आणि इंजिनच्या कॅमवर चालणारा पिस्टन पद्धतीचा फीड पंप होता. ही जोडी अजूनही टिकाऊपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्यानंतर २००२ पर्यंत व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप आला आणि त्याला डिझेल पुरवण्याचे काम टाकीपासून दूर, इंजिनवर बसवलेल्या लहानशा विजेच्या पंपाकडे देण्यात आले. रोटरी पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही, त्याचे वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलच असते. त्यामुळे विजेचा पंप हळूहळू मंदावला की चालकाला काही कळण्याआधीच महागडा मुख्य पंप कोरडा पडून खराब होत असे. पुढे उत्पादकांनीच पुरवठ्याचा पंप टाकीत नेला. या अनुभवातून तेथे पंप, सेपरेटर, फिल्टर आणि हवा वेगळी करणारी कुपी एकत्र असलेल्या, चासीवर टाकीजवळ बसवायच्या संचांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. रोटरी पंपाच्या गाडीला त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. इनलाइन पंपाच्या गाडीचे मायलेजही त्यांनी वाढते हा दावा मात्र विक्रेत्याच्या उत्साहापलीकडे नेता येत नाही.

भारतातील जुन्या ट्रकसाठी यातून निघणारा निर्णय बराच सरळ आहे. इनलाइन पंप असेल आणि इंजिनची ताकद मूळचीच ठेवली असेल, तर मूळ फीड पंपच दुरुस्त करावा किंवा तोच नवा घ्यावा. विजेचा पंप लावण्याची घाई करू नये. फीड पंप तपासताना त्याचा दाब तर पाहावाच, परंतु त्याची दांडी झिजली आहे का हेही पाहावे, कारण झिजलेल्या दांडीच्या कडेने डिझेल पंपाच्या ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरची पातळी वर चढलेली दिसते, ज्याचा आनंद मानण्याचे काहीच कारण नसते. पिकअप किंवा हलक्या गाडीवर रोटरी पंप असेल तर टाकीजवळ विजेचा पंप बसवणे फायद्याचे ठरू शकते, फक्त त्याचा दाब मुख्य पंपाला मानवणारा असावा, गाडीच्या १२ किंवा २४ व्होल्टशी तो जुळावा आणि तो बंद पडला तरी डिझेल त्याच्यातून किंवा त्याला वळसा घालून जाऊ शकेल अशी सोय असावी. कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी फीड पंपाच्या तोंडाशी निर्वात मोजणारा गेज लावून गाडी भाराखाली चालवून पाहावी; बी मालिकेच्या जुन्या इंजिनांना सुमारे १०० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक ओढ चालत नाही, आणि गेज त्यापुढे गेला तर दोष नळी, जाळी किंवा टाकीतल्या ओढणीच्या पाइपात असतो, पंपात नव्हे.

इंधनही पूर्वीचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत दहा भागांपुरते उरले आहे. गंधक काढणाऱ्या प्रक्रियेत वंगण देणारे काही घटकही निघून जातात, म्हणून शुद्धीकरण कारखान्यात वंगण-पूरके मिसळावी लागतात. स्वीडनमध्ये १९९१ साली अतिस्वच्छ डिझेल आले तेव्हा हे पुरेसे लक्षात न आल्याने रोटरी पंप झिजून बंद पडले होते. बायोडिझेलचा अंश आला की टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे चिकटलेला चिकट थर सुटतो आणि पहिल्या काही फेऱ्यांत फिल्टर चोंदतात. तो इंधनाचा दोष मानून लोक चिडतात, वास्तविक ती टाकीची उशिरा झालेली सफाई असते.

राहता राहिले पाणी, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात तोच सर्वांत नडणारा भाग होय, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री गारठ्याने ओल धरते आणि ती तळाशी साचते. सेपरेटर घेताना त्याच्या मायक्रॉनपेक्षा त्याचा ड्रेन चालकाचा हात सहज पोहोचेल अशा जागी येतो का हे आधी पाहावे; चाकामागे चिखलात बसवलेला सेपरेटर कोणी उघडत नाही. पाणी रात्रभर खाली बसलेले असताना, म्हणजे सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, ड्रेन सोडावा. मात्र ओढणाऱ्या बाजूस ड्रेन उघडला की बाहेर काही पडण्याऐवजी हवाच आत शिरण्याचा संभव असतो, म्हणून वरचा स्क्रू सैल करून पाणी काढावे, दोन्ही घट्ट करून हँड प्रायमरने एअर काढावी आणि मगच स्टार्टर मारावा.