‘कुंकू’ची दुर्लक्षित बाजू

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता आणि गोंदियाहून खाली येणारा रस्ता कोहमाऱ्याला एकमेकांस भेटतात. ह्या रस्त्यांवरून दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांना माणसे रात्रीची निघतात आणि उजाडल्यावर परततात. फसवून लावलेले लग्न, पैशापायी बळी दिलेली मुलगी, हे विषय येथील प्रेक्षकाला नवे नाहीत. म्हणून पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 1937 साली काढलेल्या ‘कुंकू’ ह्या बोलपटाविषयी चार गोष्टी येथे मांडताना आम्हांला परक्या गावी बोलत आहोत असे वाटत नाही.

‘कुंकू’चे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, चित्रपट पाहिलेले थोडे. ज्यांनी पाहिला त्यांच्याही ध्यानात राहते ती नीरा. तिच्या नवऱ्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. आम्हांला आज त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

कथा थोडक्यात अशी. काकासाहेब हे वकील, विधुर, उतारवयाचे, घरात वाढलेली मुले. नीरा ही शिकलेली तरुण मुलगी. तिचा मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून काकासाहेबांच्या गळ्यात बांधतो. ती सासरी येते, पण ह्या लग्नाला लग्न म्हणावयास साफ नकार देते आणि नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. तरुण सावत्र मुलगा वाकडी नजर टाकतो तेव्हा त्यालाही ती चोप देते. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी केला आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ ह्या नावाने निघाली. तीन नावे एकाच गोष्टीची. पण कुंकू हे नाव मोठे बोलके आहे. ते कपाळावर कोण लावते आणि कोणाच्या इच्छेने, एवढाच सारा प्रश्न आहे.

तत्पूर्वी अडतीस वर्षे, 1899 साली, गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले होते. त्यातही म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी. पण तेथे लग्न मोडते ते कशाने? शारदेने नको म्हटले म्हणून नव्हे. वधू आणि वर एकाच गोत्राचे निघतात, म्हणून भर मांडवात विवाह थांबतो. मुलीच्या अश्रूंना जे जमले नाही ते गोत्राने केले! ‘कुंकू’त गोत्र आड येत नाही, नायक धावून येत नाही, लग्न यथासांग लागते. उरतो तो केवळ एका मुलीचा नकार. मराठी चित्रपटाने टाकलेले हे पाऊल लहान नव्हते.

आता काकासाहेबांकडे येऊ. ही भूमिका केशवराव दात्यांची. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक बसविणारा आणि त्यात काम करणारा हा जाणता नट. त्याने काकासाहेबांना राक्षस केले नाही. हा गृहस्थ दुष्ट नाही, आपल्या हक्काविषयी निःशंक आहे, इतकेच. लग्न झाले म्हणजे बायको आपली झाली, असे तो समजतो, कारण आजूबाजूचे सारे जग तसेच समजते. प्रथम तो रागावतो, मग तरुण दिसण्याची धडपड करतो. घरातले जुने घड्याळ त्याच्या वयाची आठवण करून देत राहते. चित्रपटात पार्श्वसंगीत असे नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच संगीताचे काम करतात, त्यामुळे ही टिकटिक अधिकच जाणवते.

आणि हळूहळू ह्या माणसाला एक गोष्ट उमगते : आपल्या हातून अन्याय झाला आहे. तो नीरेला बायको मानण्याचे सोडतो, मुलगी मानतो. ज्या दिवशी तो हक्क सोडतो त्या दिवशी त्या घरात माया उत्पन्न होते. वयाने इतक्या दूर असलेल्या ह्या जोडीच्या कथेत जे काही प्रेम आहे ते येथे आहे, आणि दुर्लक्षित राहिले आहे तेही हेच.

पण पुढे काय होते? तिला पुन्हा लग्न करण्यास सांगणारे पत्र मागे ठेवून काकासाहेब आत्महत्या करतात. येथे प्रेक्षक हळहळतो आणि म्हणतो, शेवट फार भडक झाला. आम्हांला मात्र त्या वेळचा कायदा आठवतो. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरविले होते. नीरा तर मोठी होती, आणि नवऱ्याच्या पिकल्या केसांविषयी कायद्याचे काही म्हणणे नव्हते. विधवेला पुनर्विवाहाची मुभा 1856 पासून होती. घटस्फोटाची मुभा मात्र नव्हती. काडीमोड आणि पाट यांची चाल असलेल्या जातींत सुटकेची वाट होती. पांढरपेशांच्या घरी ती नव्हती. म्हणजे नीरेला दुसरा संसार मांडावयाचा तर पहिल्या नवऱ्याने मरावे लागे! तो आत्मनाश आम्ही आदर्श मानीत नाही. कायद्याने सज्जनालाही दुसरे दार ठेवले नव्हते, हे त्यावरून दिसते.

मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला. आपला हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, मध्यप्रांत व वऱ्हाडात. तो कायदा येथे लागू नव्हता. येथे हे दार उघडले 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. फसवून घेतलेल्या संमतीचे लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, हे त्यात आले. आणि जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट लपविणे हीही फसवणूकच, हे 1976 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. ‘कुंकू’तले लग्न आज लागले असते तर काकासाहेबांना जीव द्यावा लागला नसता, दोघांनी कचेरीची पायरी चढली असती तर भागले असते.

मग वयातले अंतर हाच दोष काय? न्यायमूर्ती रानडे यांचे दुसरे लग्न 1873 साली झाले तेव्हा ते एकतीस वर्षांचे आणि रमाबाई अवघ्या अकराच्या आसपास. वडिलांच्या आग्रहापुढे सुधारक वाकला, ही चूक झाकण्याचे कारण नाही. परंतु रानड्यांनी तिला शिकविले, आणि पुढे पुण्याचे सेवासदन ह्याच रमाबाईंनी उभे केले. त्यांच्या आठवणी वाचणाऱ्याला त्या संसारातला जिव्हाळा नाकारता येणार नाही. तरीही तो जिव्हाळा नशिबाने लाभला होता. मुलीला कोणी विचारले नव्हते. एक संसार सुखाचा झाला म्हणून न विचारण्याची रीत योग्य ठरत नाही.

चित्रपटात काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीचे काम शकुंतलाबाई परांजपे यांनी केले. संततिनियमनाच्या प्रचारात त्या प्रत्यक्षातही झटल्या, पुढे राज्यसभेत गेल्या. पडद्यावरची ती मुलगी बापाविरुद्ध नीरेची बाजू घेते. आपल्या घरी स्थळ येते तेव्हा शेती किती, नोकरी कसली, हे सारे आपण विचारतो. नवऱ्याच्या वयाचा दाखलाही पाहावा. आणि सर्वांत आधी मुलीला एकटीला बसवून विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर तिचे ऐकावे. काकासाहेबांना हे समजावयास सारे आयुष्य लागले. आपल्याला तेवढा वेळ लागण्याचे कारण नाही.