विश्लेषण : मोटारहोम कायम प्लगला जोडून ठेवावे का?

सहल संपली, मोटारहोम आवारात उभे केले आणि वायर प्लगला लावून दिली. आता पुढच्या सुट्टीपर्यंत बॅटरी फुल्ल राहणार, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात काही महिन्यांनी कधी बॅटरीतले पाणी आटलेले सापडते, तर कधी इंजिनच सुरू होत नाही. असे का होते?

शोअर पॉवर म्हणजे काय?

बंदरात उभ्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देतात, त्यावरून हा शब्द आला. बाहेरून २३० व्होल्टची वीज जोडली की मोटारहोममधील चार्जर तिचे साधारण १२ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो. त्यावर दिवे, पंप चालतात आणि बॅटरीही चार्ज होते.

मग बॅटरी खराब कशाने होते?

बहुतेकदा चार्जरमुळे. चांगला चार्जर आधी जास्त करंट देतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास उरलेले चार्जिंग करतो आणि बॅटरी भरली की सुमारे १३.५ व्होल्टच्या ‘फ्लोट’वर उतरतो. खाली न उतरणारा चार्जर लेड-ॲसिड बॅटरीतील पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करत राहतो. पाणी घटते, प्लेट उघड्या पडतात. बंद कप्प्यात साठलेल्या हायड्रोजनला एक ठिणगीही पुरते. त्यात उन्हाळा असेल तर नुकसान आणखी वेगाने होते.

प्लग काढून ठेवला तर?

गॅस अलार्म, स्टिरिओ अशी उपकरणे बंद गाडीतही थोडी वीज खातात. हा खप केवळ ५० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी ४० दिवसांत जवळपास निम्मी होते. अशी अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा कठीण थर बसतो.

लिथियम बॅटरीचे काय?

तिला सतत फ्लोटची गरज नसते. दीर्घकाळ गाडी उभी राहणार असल्यास ती निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून मेन स्विच बंद करणे चांगले. तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करू नये.

काय काळजी घ्यावी?

- चार्जरला फ्लोट टप्पा आहे का आणि तो आपल्या बॅटरीच्या प्रकाराला चालतो का, हे तपासा.
- बॅटरी भरल्यावरही मल्टिमीटर दिवसेंदिवस १४ व्होल्टच्या वर दिसत असेल, तर चार्जर दाखवून घ्या.
- चार्जर आणि लोड बंद करून काही तासांनी मोजा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे फुल्ल, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी.
- पाण्याच्या बॅटरीची पातळी महिन्यातून एकदा पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, कप्प्यात हवा खेळती ठेवा.
- इंजिनची बॅटरी विसरू नका. अनेक गाड्यांत शोअर पॉवर फक्त आतल्या उपकरणांची बॅटरी चार्ज करते.

मोटारहोम नसलेल्यांनाही हा हिशेब लागू आहे. घरातील इन्व्हर्टरची बॅटरीही वर्षभर प्लगलाच असते. तिच्यातले पाणी शेवटचे कधी पाहिले होते?