चर्चिल फॉल्स : सही करणारे आणि न विचारलेले

आजचा विषय आहे करार. दिलेला शब्द माणसाला का बांधतो, किती काळ बांधतो, आणि ज्यानं तो दिलेलाच नाही त्यालाही बांधतो का, हे नीतिशास्त्रातले फार जुने प्रश्न आहेत. पण असे प्रश्न अधांतरी मांडले की ते अधांतरीच राहतात. म्हणून आज आपण ते एका गावाच्या आधारानं समजून घेऊ. गावाचं नाव चर्चिल फॉल्स. कॅनडाच्या ईशान्येला लॅब्राडॉर नावाचा विस्तीर्ण भूप्रदेश आहे, त्याच्या अंतर्भागात हे गाव आहे.

अक्षांश पाहिला तर हे गाव बर्लिनच्या फारसं उत्तरेला नाही. हवामान मात्र उपध्रुवीय. खुरट्या स्प्रूस झाडांचं जंगल, दलदल, असंख्य तळी आणि वर्षातला निम्म्याहून अधिक काळ बर्फ. पूर्वेला हॅपी व्हॅली-गूस बे हे मोठं गाव सुमारे तीनशे किलोमीटरवर, पश्चिमेला लॅब्राडॉर सिटी सुमारे अडीचशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी सातशेच्या आसपास माणसं राहतात, आणि राहण्याचं कारण एकच: वीज.

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन डोंगरांमधली उंच भिंत येते. इथे तसं काही नाही. लॅब्राडॉरचं पठार बशीसारखं आहे. त्या बशीच्या कडेला जिथे जिथे पाणी बाहेर पडायला वाट होती, तिथे तिथे मातीचे आणि दगडाचे भराव घातले गेले. असे ८८ बांध, सगळ्यांची मिळून लांबी सुमारे ६४ किलोमीटर. त्यांच्यामागे जे पाणी साठलं तो स्मॉलवुड जलाशय, सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरचा. पूर्वी हे पाणी नदीतून येऊन ७५ मीटर उंचीच्या धबधब्यावरून कोसळत असे. आता ते वळवून तीनशे मीटरहून अधिक खोल, कातळात कोरलेल्या वीजगृहात सोडलं जातं. तिथे ११ जनित्रं आहेत आणि त्यांची एकूण क्षमता ५,४२८ मेगावॅट आहे. मूळ धबधबा बहुतेक काळ कोरडा असतो. ज्या धबधब्याचं नाव गावाला मिळालं, तो धबधबा गावाच्याच कामासाठी खर्ची पडला.

आता कराराकडे येऊ. न्यूफाउंडलंड १९४९ साली कॅनडात सामील झालं. लॅब्राडॉर त्याच प्रांताचा भाग. प्रांत गरीब होता, मासेमारीवर जगणारा. पहिले मुख्यमंत्री जोई स्मॉलवुड यांना उद्योग हवे होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९५३ साली ब्रिटिश भांडवलदारांची ब्रिंको ही कंपनी उभी राहिली, तिच्यात रॉथ्सचाइल्डही होते. नदीचं आणि धबधब्याचं नाव तोवर हॅमिल्टन होतं. विन्स्टन चर्चिल वारल्यावर, १९६५ साली, ते बदलून चर्चिल केलं गेलं. १९६७ साली काम सुरू झालं, १९७१ च्या डिसेंबरात पहिली वीज निघाली आणि १९७४ साली प्रकल्प पूर्ण झाला.

अडचण भूगोलाची होती. वीज गावात तयार होणार, पण गिऱ्हाईक दक्षिणेला. आणि दक्षिणेकडे जाणारी तार क्वेबेक प्रांतातूनच जाणार. त्यात लॅब्राडॉरची सीमा हे क्वेबेकचं जुनं दुखणं. १९२७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं ती न्यूफाउंडलंडच्या बाजूनं ठरवली होती. क्वेबेकनं वीज आपल्या प्रदेशातून नुसती वाहून न्यायला वाट दिली नाही. मग विकत घेणारा एकच उरला: क्वेबेकची सरकारी वीज कंपनी हायड्रो-क्वेबेक. १२ मे १९६९ रोजी करारावर सह्या झाल्या. जवळजवळ सगळी वीज हायड्रो-क्वेबेक घेणार, आधी चाळीस वर्षं, मग आपोआप आणखी पंचवीस, म्हणजे २०४१ पर्यंत. दर युनिटमागे सुमारे पाव सेंट. आणि गंमत बघा, शेवटच्या पंचवीस वर्षांत दर वाढत नाही, उलट ०.२ सेंटवर उतरतो.

लगेच 'ही तर लूट' असं म्हणू नका. दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. हायड्रो-क्वेबेकनं गरज असो वा नसो, वीज उचलण्याची हमी दिली. त्या हमीवरच कर्ज उभं राहिलं, नाहीतर प्रकल्प झालाच नसता. जोखीम त्यांनी घेतली होती. १९६९ साली कोणालाच ठाऊक नव्हतं की १९७३ साली तेलाच्या किमती भडकतील आणि स्वस्त वीज सोन्याच्या मोलाची होईल. पुढे न्यूफाउंडलंडनं पुन्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढली. १९८४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं पाण्याचे हक्क परत घेणारा प्रांताचा कायदा रद्द ठरवला. २०१८ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की सद्भावाचं तत्त्व मान्य आहे, पण त्याचा अर्थ असा नव्हे की ज्याला करारातून अनपेक्षित फायदा झाला त्यानं तो वाटून घेण्यासाठी करार नव्यानं करावा. सात विरुद्ध एक असा तो निकाल होता.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत, इथे दोन तत्त्वं समोरासमोर आली. एक, वचन पाळलं पाहिजे, मग परिस्थिती कशीही बदलो. वचन फक्त सोयीच्या दिवसात पाळायचं असेल तर ते वचनच नव्हे. दुसरं, बदललेली परिस्थिती इतकी वेगळी असू शकते की मूळ शब्दांचा अर्थच उरत नाही. काही देशांचे कायदे हे दुसरं तत्त्व मानतात. क्वेबेकचा दिवाणी कायदा ते सर्वसाधारण नियम म्हणून मानत नाही, आणि करार त्या कायद्याखाली होता.

पण याहून खोल प्रश्न काळाचा आहे. १९६९ साली सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी २०४१ पाहण्याची अपेक्षाही केली नसेल. थॉमस जेफरसननं १७८९ साली पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न विचारला आहे: एका पिढीला दुसऱ्या पिढीला बांधून ठेवण्याचा हक्क आहे का? त्याचं उत्तर होतं, नाही. पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठी आहे, मेलेल्यांचा तिच्यावर अधिकार नाही. मृत्यूच्या कोष्टकांवरून त्यानं हिशेब केला की साधारण १९ वर्षांत एक पिढी बहुमत गमावते, म्हणून कर्ज असो वा कायदा, त्याहून जास्त काळ बांधू नये. मॅडिसननं त्यावर घेतलेला आक्षेपही वजनदार होता: धरण, रस्ता, कालवा यांचा फायदा पुढच्या पिढ्यांनाच होतो, मग भार फक्त आजच्यांनी का सोसायचा? आम्हांला वाटतं, दोघांचं म्हणणं एकत्र धरलं तर एक कसोटी मिळते. पुढच्या पिढीला भार देताना फायद्याचा वाटाही दिला आहे का, आणि वाटा बदलण्याची एखादी फट ठेवली आहे का? १९६९ च्या करारात ती फट नव्हती.

आता गावाच्या आतलं जीवन बघू, कारण करार फक्त सरकारांमध्ये नसतो. चर्चिल फॉल्स हे कंपनीचं गाव आहे. घरं कंपनीची, व्यवस्था कंपनीची. शाळा, दुकान, हॉटेल, नाट्यगृह, वाचनालय एकाच मोठ्या इमारतीच्या छपराखाली, म्हणजे हिवाळ्यात बाहेर न पडता सगळं होतं. सोयी उत्तम. पण घर विकत घेता येत नाही. नोकरी आहे तोवर घर, नोकरी संपली की निरोप. इथे वाढलेल्या मुलाला म्हातारपणी इथे परतायचं असेल, तर 'माझं गाव' एवढं म्हणणं पुरत नाही. २०२४ च्या जूनमध्ये वणवा जवळ आला तेव्हा अख्खं गाव रिकामं करावं लागलं. वीजनिर्मिती मात्र चालूच राहिली. हा गावकऱ्यांवर अन्याय आहे असं आम्ही म्हणत नाही. त्यांना अटी आधी ठाऊक असतात, त्यांनी त्या स्वीकारलेल्या असतात, आणि नकोशा झाल्या तर सोडून जाण्याची वाट मोकळी असते. हे तीन मुद्दे लक्षात ठेवा: माहिती, स्वीकार आणि बाहेर पडण्याची वाट. संमती खरी आहे की नाही ते यांवरून कळतं.

कारण आता आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत, त्यांच्या बाबतीत तिन्ही नव्हते. जलाशयाखाली गेलेली जमीन ओसाड नव्हती. तिथे इन्नू लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबूच्या मागे फिरत, मासे धरत, सापळे लावत. मेशिकामाऊ नावाचं मोठं सरोवर त्यांच्या वाटांच्या मध्यावर होतं. ते जलाशयात विरून गेलं. त्याबरोबर शिकारीच्या वाटा गेल्या, डोंगे आणि अवजारं ठेवलेल्या जागा गेल्या, दफनभूमी गेल्या. धबधब्यालाही त्यांच्या भाषेत नाव होतं, पात्शेत्शुनाऊ असा त्याचा काहीसा उच्चार, आणि त्याचा संबंध उसळणाऱ्या वाफेशी आहे. हॅमिल्टन आणि चर्चिल ही दोन्ही नावं त्यानंतरची. पाणी सोडण्याआधी इन्नूंना कोणी विचारलं नाही. १९४९ च्या विलीनीकरणाच्या अटींमध्येही मूळ रहिवाशांचा उल्लेख नव्हता. म्हणजे ज्या कागदानं प्रांत देशात आला, त्यात हे लोक कुठेच नव्हते.

कोणी म्हणेल, त्यांनी तेव्हा विरोध तरी कुठे केला? डेव्हिड ह्यूमनं १७४८ साली या युक्तिवादाला उत्तर दिलं आहे. झोपेत जहाजावर नेलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्यानं कप्तानाची सत्ता मान्य केली असं म्हणायचं का? गप्प राहणं म्हणजे संमती, असं तेव्हाच म्हणता येतं जेव्हा 'नाही' म्हणायला जागा असते.

आणि जागा असली की काय होतं, याचं उदाहरण फार लांब नाही. लॅब्राडॉरच्या पश्चिमेला, क्वेबेकमध्ये, १९७१ साली जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला. तिथले क्री आणि इन्युइट लोक न्यायालयात गेले. १९७३ च्या नोव्हेंबरात न्यायाधीश माल्लूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवड्याभरात वरच्या न्यायालयानं तो स्थगित केला, पण तोवर सरकारला कळून चुकलं होतं की या लोकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. १९७५ साली लेखी करार झाला. तोही निर्दोष नव्हता, आणि नद्या वळवल्या त्या वळवल्याच. तरी तिथल्या लोकांना निदान कागदावर सही करणारा पक्ष म्हणून जागा मिळाली. लॅब्राडॉरच्या इन्नूंना वरच्या चर्चिल प्रकल्पाच्या नुकसानभरपाईचा करार मिळाला तो २०११ साली, पाणी साठल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. २०२० साली त्यांनी हायड्रो-क्वेबेकवर चारशे कोटी डॉलरचा दावा लावला.

तर मित्रहो, या एका गावाभोवती दोन तक्रारी आहेत, आणि त्या एकसारख्या वाटल्या तरी जातीनं वेगळ्या आहेत. न्यूफाउंडलंडची तक्रार अशी की करार वाईट झाला. इन्नूंची तक्रार अशी की आमच्याशी करार झालाच नाही. पहिल्या तक्रारीवर उपाय दर वाढवण्याचा. दुसरीवर तो उपाय लागू पडत नाही. पावशेर अन्याय महाग दरानं विकला तरी तो अन्यायच राहतो. पण पन्नास वर्षं वर्तमानपत्रांत, विधानसभेत, न्यायालयात गाजली ती पहिली. दोन सरकारांचं भांडण एवढं मोठ्यानं चाललं की ज्यांची जमीन गेली त्यांचा आवाज त्यात बुडाला. लुबाडला गेलेला पक्षही दुसऱ्या कोणाला न विचारता घेणारा असू शकतो, हे या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे. जेफरसनचंही तसंच झालं होतं. 'जिवंत पिढी'च्या हक्कांबद्दल लिहिताना त्याच्या स्वतःच्या शेतावर राबणारे गुलाम त्या पिढीत मोजलेले नव्हते.

२०२४ च्या डिसेंबरात दोन्ही प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी जुना करार मोडून, दर बराच वाढवून, नवा करण्याच्या सामंजस्य पत्रावर सह्या केल्या. तो अंतिम करार नव्हे. नवा करार जेव्हा होईल तेव्हा दर किती हे सगळे पाहतील. आपण आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. टेबलाशी कोण बसलं आहे? पुढच्या पिढीला हिशेब बदलायला फट ठेवली आहे का? आणि ज्यांच्या जमिनीवर पाणी उभं आहे त्यांना 'नाही' म्हणता येईल, अशा वेळी विचारलं गेलं का? कुठल्याही धरणाचा, कुठल्याही खाणीचा कागद हाती आला तरी हेच प्रश्न लावून पाहा. आता तुमचे प्रश्न घेऊ.