वैनगंगेपासून हातपंपाच्या ओट्यापर्यंत

पिण्याच्या पाण्याचा स्रोत सुरक्षित आहे की नाही, हे बाटलीभर नमुन्यावरून पुरते कळत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल त्या दिवसाच्या पाण्यापुरता खरा असतो. मे महिन्यात निर्दोष ठरलेली विहीर रोवणीच्या दिवसांत, दोन-तीन जोरदार पाऊस झाल्यावर, गावाला हगवण लावू शकते. म्हणून स्रोताच्या मूल्यमापनात नमुन्याइतकेच महत्त्व परिसराला असते. पाणी कुठून येते, वाटेत कशाच्या संपर्कात येते आणि त्या वाटेवर घाण कुठे अडवता येईल, हे त्यात पाहायचे असते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, या तालुक्यात हे तिन्ही प्रश्न दोन अगदी वेगळ्या रूपांत समोर येतात. शहराच्या कडेने वैनगंगा वाहते आणि तिच्या पाण्याचे बरेवाईट शेकडो किलोमीटर वर ठरते. कुरूड, विसोरा, कोरेगाव, चोप अशा गावांतल्या विहिरी-हातपंपांचे बरेवाईट मात्र बहुतेक वेळा दहा-वीस पावलांच्या आतच ठरते.

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातील मुंडाऱ्याजवळ उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा असा प्रवास करते आणि पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या धरणात अडते. तिथून सुटलेले पाणी एका काठाला ब्रह्मपुरी आणि दुसऱ्या काठाला वडसा ठेवत, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची सीमा आखत खाली जाते. गोसीखुर्दच्या जलाशयात वैनगंगेबरोबर कन्हानचेही पाणी येते, आणि कन्हानला वर नाग नदी मिळालेली असते. नाग नदी नागपूर शहराच्या मधोमध वाहते आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊनच बाहेर पडते. भांडेवाडीचे प्रक्रिया केंद्र आहे, तिथले शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्पही मंजूर झाला आहे. तरीही जे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत उतरते, त्याची वाट शेवटी गोसीखुर्दकडेच जाते. पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करणारी देशातली अग्रगण्य संस्था, १९५८ साली स्थापन झालेली नीरी, याच नागपुरात आहे. विद्या आणि सांडपाणी एकाच शहरातून निघावे, यात योगायोगापेक्षा आपल्या प्राधान्यक्रमाचा भाग जास्त आहे.

धरण हे या घाणीवर अंशतः औषधही आहे. साठलेल्या पाण्यात गाळ तळाशी बसतो आणि उन्हाने व काळाने बरेच जंतू मरतात. पण सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद मरत नाही, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते. जलपर्णी कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते, आणि असे सेंद्रिय पदार्थांनी भरलेले पाणी खालच्या शुद्धीकरण केंद्रात आले की क्लोरीनही खाते. जंतू मारण्यासाठी टाकलेला क्लोरीन आधी या पदार्थांवर आणि अमोनियावर खर्च होतो. उरला तर जंतूंच्या वाट्याला येतो. पंपचालकाने रोजचे ठरलेले माप टाकले तरी नळाच्या तोंडाशी क्लोरीन सापडत नाही, असे घडते ते बहुधा यामुळेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात, नेहमीची प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या नदीच्या पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. या मर्यादेबाहेर गेलेले नदीपट्टे मंडळ यादीत घेते. २०१८ च्या यादीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, देशात सर्वांत जास्त, आणि वैनगंगाही त्यात होती. यादीमुळे राज्याला कृती आराखडा करावा लागतो, हे खरे. पण आराखडा प्रदूषण करणाऱ्याच्या दारापासून सुरू होतो, पाणी पिणाऱ्याच्या दारापासून नाही. वडशासारख्या गावाने आपल्या पाण्यात वरून काय येते याचा नकाशा स्वतः मांडावा, अशी सक्ती त्यात नाही.

अशा नकाशाची गरज दिल्लीने १९५५ साली फार महागात शिकवली. त्या वर्षीच्या पुरानंतर नजफगडचा नाला उलटा सरकून वझिराबादच्या जलउपसा केंद्रापर्यंत पोहोचला. केंद्रात गढूळपणा दिसला, क्लोरीन वाढवला गेला, आणि विषमज्वराची साथ आली नाही. कावीळ मात्र आली. डिसेंबर आणि जानेवारीत २९ हजारांवर लोकांना ती झाली. पुढे १९८० नंतर त्या विषाणूला ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव मिळाले. जिवाणू मारणारा क्लोरीनचा डोस विषाणूला पुरतोच असे नाही. म्हणून भारतीय मानक १०५०० मध्ये नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे सांगताना, विषाणूंचा धोका असेल तर ०.५ मिलिग्रॅम ठेवा, असेही म्हटले आहे. पण नाल्याचे तोंड आणि उपसा विहिरीचे तोंड यांतले अंतर वाढवणे हा क्लोरीनच्या या दोन्ही मापांपेक्षा खात्रीचा उपाय होता, आणि तो नकाशावरच सुचू शकला असता.

वैनगंगेकाठच्या गावांकडे निसर्गाने दिलेली एक गाळणीही आहे, ती म्हणजे नदीची रेती. पात्रातल्या विहिरीत किंवा रेतीखाली पुरलेल्या छिद्रांच्या नळांत जे पाणी येते, ते काही मीटर रेतीतून झिरपून आलेले असते. या झिरपण्यात गढूळपणा अडतो, रेतीच्या कणांवरचे सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण खातात, आणि उघड्या प्रवाहातून थेट उचललेल्या पाण्यापेक्षा हे पाणी कितीतरी स्वच्छ मिळते. या फायद्याची किंमत रेतीघाटाच्या लिलावात कुणी मोजत नाही. उपशाने थर पातळ झाला की पाणी कमी अंतर झिरपते आणि गाळणी कमजोर होते. उन्हाळ्यात पात्रातली पातळी खाली जाऊन विहिरी कोरड्या पडतात तो तोटा डोळ्यांना दिसतो, गुणवत्तेचा तोटा दिसत नाही. रेतीघाट देताना पाणी योजनेपासूनचे अंतर पाहिले जाते खरे, पण ते मुख्यतः बांधकामाच्या सुरक्षेसाठी. गाळणीची जाडी टिकावी हा निकष त्यात असायला हवा.

पुराची गोष्ट आणखी वेगळी. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातून आलेल्या प्रचंड पाण्यामुळे गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला. पुराचे पाणी विहिरीच्या कठड्यावरून आत जाते तेव्हा शेणखड्डे, संडासाचे खड्डे, मेलेली जनावरे आणि गोदामातले खत-औषध यांचा एकच काला झालेला असतो. पूर ओसरल्यावर अशी विहीर पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ब्लिचिंग घालून ठेवायची, पुन्हा उपसायची आणि नमुना ठीक आल्याखेरीज पिण्यासाठी खुली करायची, हा क्रम आहे. क्रम सगळ्यांना माहीत असतो. पूर ओसरल्यावर त्याच आठवड्यात धानाच्या बांध्याही वाचवायच्या असतात, अडचण तिथे असते.

नदीपासून दूर गेले की भूगर्भ बदलतो. काठाची पट्टी गाळाची, तर आतला जंगलपट्टा जुन्या नाईस आणि ग्रॅनाइट खडकांचा. या खडकात पाणी भेगांतून फिरते. भेगेत पाणी मुरले की त्याला गाळणी मिळतेच असे नाही, आणि वरची घाण फारशी न गाळता खोलवर जाऊ शकते. खडक स्वतःही पाण्यात काही सोडतो. गडचिरोलीतल्या कितीतरी हातपंपांचे पाणी बादलीत थोडा वेळ ठेवले की तांबूस होते. हे लोह. ते प्रकृतीला सहसा घातक नसते, पण चवीला वाईट आणि कपडे-भात रंगवणारे असते, आणि त्याचा खरा धोका असा की अशा हातपंपाला कंटाळून माणसे जवळच्या उघड्या विहिरीकडे किंवा बोडीकडे वळतात. फ्लोराइडचे उलटे आहे. त्याला ना रंग, ना चव. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यावर दात डागाळतात आणि पुढे हाडे आखडतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यासारख्या भागांत हे दुखणे नोंदलेले आहे. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नीरीनेच विकसित केली. पण खेड्यात ती रोज चालवणारा माणूस टिकत नाही, म्हणून असा बोअर बंद करून दुसरा स्रोत शोधणे हाच बहुतेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये राजनांदगाव भागात, अंबागड चौकीच्या परिसरात, भूजलात आर्सेनिक सापडले आहे. त्याच भूप्रदेशाला लागून असलेल्या सीमेवरच्या गावांनी नव्या बोअरची रासायनिक तपासणी आर्सेनिकसह करून घेणे रास्त आहे. खडकातून येणाऱ्या या दोषांवर कुंपण घालता येत नाही. तिथे स्रोत निवडणे हेच संरक्षण.

जंतूंच्या बाबतीत मात्र कुंपणच कामाला येते. जागतिक आरोग्य संघटनेची हातपंपासाठीची पाहणी दहा साध्या प्रश्नांची असते. दहा मीटरच्या आत संडास आहे का? जवळ उंचावर संडास किंवा उकिरडा आहे का? ओट्याभोवती पाणी साचते का? नाली फुटली आहे का? ओट्याला भेग आहे का? पंप पायथ्याशी हलतो का? जितकी ‘हो’ उत्तरे, तितका धोका मोठा. हलणारा पंप ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण सुटलेल्या बोल्टमुळे पंपाचा पाया केसभर हलला की त्याच्याभोवती सिमेंटमध्ये गोल फट पडते, आणि बाया भांडी घासतात, गुरे उभी राहतात ते पाणी त्या फटीतून बोअरच्या केसिंगबाहेरून सरळ खाली उतरते. साठ मीटर खोल बोअरचे सगळे सामर्थ्य एका बोल्टाने गमावले जाते. दुरुस्तीला पाव गोणी सिमेंट आणि अर्धा दिवस लागतो.

महाराष्ट्रात अशी पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होते, आणि त्यावरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे टिकवणाऱ्या आणि साथ न येऊ देणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड. पद्धत चांगली आहे, कारण सरपंचाला अहवालातल्या आकड्यापेक्षा लाल रंग पटकन समजतो. तिची उणीव एवढीच की ती गावाच्या शिवेवर थांबते. वरून येणाऱ्या नाल्याचे, शेजारच्या गावाच्या कचरा डेपोचे गुण-दोष कोणाच्याच कार्डात येत नाहीत.

दरम्यान स्वच्छ भारत अभियानाने २०१४ नंतर घरोघरी शोषखड्ड्याचे संडास आणले. उघड्यावरची घाण कमी झाली, हा फायदा निर्विवाद. पण सांदवाडीत जागा अपुरी, त्यामुळे खड्डा अनेकदा विहिरीच्या अंगाला आला. काठाच्या रेताड जमिनीत पावसाळ्यात भूजल वर चढून खड्ड्याच्या तळाला टेकते, आणि मग घाण झिरपण्याची वाट उरत नाही, ती थेट पाण्यातच असते. अशा जमिनीत खड्डा उथळ ठेवणे, तळ बंद करून भोवती बारीक रेतीचा थर देणे हे उपाय पाठ्यपुस्तकात आहेत. गवंड्याला ते कोणी सांगितलेले नसते. गावातल्या विहिरींत नायट्रेट वाढण्याचे खापर युरियावर फुटते, पण भरल्या बांधीच्या चिखलात प्राणवायू नसल्याने नायट्रेट फार टिकत नाही. वस्तीतली वाढ पाहायची तर आधी शेणखड्डा आणि संडासाचा खड्डा पाहावा.

रोजच्या संरक्षणाचा भार जलसुरक्षकावर असतो. हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग गावाच्या टोकाच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, तोंड उघडी गोणी दमट खोलीत पडली की तो झपाट्याने घटतो. नोंदवहीत रोज ‘टीसीएल टाकले’ लिहिलेले असते आणि ते खरेही असते, फक्त टाकली जाते ती जवळजवळ नुसती चुनखडी.

कायद्याचे पाठबळ आहे, पण त्याची नजर प्रमाणावर जास्त आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरींना आळा घातला. २००९ चा, २०१४ पासून लागू झालेला अधिनियम भूजल दूषित करण्यालाही मनाई करतो. पाचशे मीटर हे वर्तुळ पाणी आटू नये म्हणून आखले आहे. दूषितीकरणासाठी जर्मनीत वेगळे माप वापरतात, पाण्याला विहिरीपर्यंत पोहोचायला पन्नास दिवस लागतील एवढी जागा राखीव ठेवायची, कारण तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू जमिनीत मरतात. रेताड काठावर ही जागा नदीच्या दिशेने लांबट होईल, भेगाळ खडकात एका बाजूला कितीतरी दूर जाईल. कॅनडात वॉकर्टनच्या एका उथळ विहिरीत मे २००० च्या पावसाने जवळच्या शेतातले शेण उतरले, सात माणसे दगावली आणि दोन हजारांहून जास्त आजारी पडली. त्यानंतर ओंटारियो प्रांताने २००६ मध्ये पाणलोटनिहाय स्रोत-संरक्षणाचा आराखडा बंधनकारक केला. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींच्या पातळ्यांची अनेक दशकांची माहिती आहे. वडशासारख्या एका तालुक्यापुरती ही वर्तुळे आखायला नवा विभाग लागणार नाही.

नदीच्या पाण्यासाठी असे वर्तुळ आखता येत नाही, तिथे वेळच राखावी लागते. गोसीखुर्दचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो तो बुडण्याच्या धोक्याचा. त्याच साखळीतून पाणीपुरवठ्याच्या पंपचालकापर्यंत निरोप पोहोचला, तर पहिला गढूळ लोंढा जाईपर्यंत उपसा बंद ठेवता येतो. त्यासाठी गावाच्या टाक्यांत तेवढ्या तासांचा साठा हवा, म्हणजे टाकीची क्षमता ठरवताना लोकसंख्येबरोबर लोंढा किती तास टिकतो हेही धरायला हवे.